इंटरनेटच्या पत्त्याचे शेवटचे पद
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)

पाकिटावर पत्ता कसा लिहावा हा पाठ मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात आला आहे. प्रथम व्यक्तीचे नाव, त्याखाली मुक्काम व पोस्ट, नंतर तालुका, नंतर जिल्हा. हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडतो, परंतु तो तसा का आहे हे पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. फलटण तालुक्यात वाखरी नावाचे गाव आहे, आणि पंढरपूर तालुक्यातही वाखरी नावाचे गाव आहे. आषाढीच्या आदल्या दिवसांत संतांच्या पालख्या जेथे एकत्र येतात ती वाखरी पंढरपूरची. केवळ ‘वाखरी’ एवढेच लिहून टपालात टाकलेले पत्र कोणत्या वाखरीस जावे? गावाच्या नावात त्याचे उत्तर नाही. ते त्यापुढील तालुक्याच्या नावात आहे. म्हणूनच टपाल छाटणाऱ्या कारकुनाची दृष्टी पाकिटाच्या पहिल्या ओळीवर न जाता शेवटच्या ओळीवर जाते. लिहिणारा लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. पोहोचविणारा मोठ्याकडून लहानाकडे वाचीत येतो.

प्रस्तुत पाठाचा विषय इंटरनेटवरील पत्ता हा असला तरी त्याचा आरंभ ह्या पाकिटापासूनच करावा. मुलांना अपरिचित वस्तू शिकवावयाची ती परिचित वस्तूच्या आधाराने, हे शिक्षकांस सांगावयास नको.

पाकिटाचा विचार चालू असतानाच पिनकोडाचाही उल्लेख करावा. ही सहा अंकी योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात अमलात आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, आणि टपाल खात्यातील जबाबदार अधिकारी असूनही संस्कृत कवी म्हणून त्यांची ख्याती होती. फलटणचा पिनकोड ४१५५२३. त्यातील पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या पश्चिमेकडील विभागाचा. पहिले तीन अंक मिळून टपाल छाटणीचा जिल्हा. आणि उरलेले तीन त्या विशिष्ट टपाल कचेरीचे. येथे मोठे आधी व लहान नंतर, म्हणजे पाकिटावरील ओळींच्या नेमका उलट क्रम आहे. तसेच ४१५ हे अंक साताऱ्याबरोबर घाटाखालच्या रत्नागिरी व चिपळूणच्या पिनकोडांतही येतात. छाटणीचा जिल्हा आणि सरकारी जिल्हा ह्यांच्या सीमा एकच असतात असे नव्हे. पत्त्यातील एखाद्या पदावरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हा भेद मुलांच्या मनात येथेच रुजू द्यावा; पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

आता इंटरनेटचा पत्ता घ्यावा. सातारा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘सातारा डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. त्यात तीन पदे असून त्यांच्यामध्ये टिंबे आहेत. ह्या टिंबांचे काम पाकिटावरील ओळींचेच आहे. ‘सातारा’ हे सर्वांत लहान पद, ‘गव्ह’ त्याहून मोठे, आणि ‘इन’ सर्वांत मोठे. यंत्र हा पत्ता वाचते ते उजवीकडून डावीकडे. उजवीकडील शेवटच्या पदास इंग्रजीत टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. मुलांपुढे त्यास ‘शेवटचे पद’ असेच म्हणावे.

शेवटच्या पदांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक देशवाचक, दुसरा वर्गवाचक. देशवाचक पद रोमन लिपीत असेल तर ते नेहमी दोनच अक्षरांचे असते : भारताचे ‘इन’, नेपाळचे ‘एनपी’, जपानचे ‘जेपी’. तीन किंवा अधिक रोमन अक्षरांचे पद दिसले की ते वर्गवाचक समजावे : कॉम, ऑर्ग, नेट, इन्फो इत्यादी. हा नियम सोपा असून मुले तो चटकन उचलतात. त्याची एक गंमतही सांगण्याजोगी आहे. दूरचित्रवाणीच्या कंपन्या ज्या ‘टीव्ही’ ह्या पदावर हौसेने आपली नावे नोंदवितात ते वस्तुतः प्रशांत महासागरातील तुवालू ह्या चिमुकल्या बेटराष्ट्राचे देशवाचक पद होय; आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्यवसायात ज्या ‘एआय’ पदाची एवढी चलती आहे ते कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाचे आहे. दोन अक्षरांच्या योगायोगाने त्या बेटांच्या तिजोरीत भर पडली. परंतु ‘टीव्ही’ वर नाव असलेली मंडळी तुवालूची रहिवासी आहेत असा त्याचा अर्थ नव्हे.

वर्गवाचक पदे कशी निर्माण झाली

प्रारंभी इंटरनेटवरील संगणक थोडे होते. त्या सर्वांची नावे व त्यांचे क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत, आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर व त्यांचे सहकारी सांभाळीत. नवा संगणक जोडला गेला की यादीत एक ओळ वाढे, आणि ती सुधारलेली यादी इतर सर्वांनी उतरवून घ्यावयाची. गावात शंभर घरे असताना पोस्टमनला प्रत्येक घर तोंडपाठ असते. गावाचे शहर झाले की ते शक्य होत नाही. तशीच ही यादी हाताबाहेर जाऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस ह्यांनी तिच्या जागी नवी रचना सुचविली. तीत कोणा एकाकडे सर्व नावे नसतात. प्रत्येकाकडे फक्त आपल्या खालच्या पायरीची नावे असतात. जॉन पोस्टेल ह्यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने ही रचना उभी राहिली, आणि १९८५ च्या आरंभी पहिली वर्गवाचक पदे प्रत्यक्ष वापरात आली.

व्यापारी संस्थांसाठी ‘कॉम’, शिक्षणसंस्थांसाठी ‘एडू’, सरकारी कचेऱ्यांसाठी ‘गव्ह’, सैन्यदलासाठी ‘मिल’, जाळ्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी ‘नेट’, आणि ज्या संस्था ह्यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाहीत त्यांच्यासाठी ‘ऑर्ग’. पुढे १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय करारांनी स्थापन झालेल्या संस्थांसाठी ‘इंट’ हे पद आले. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स ह्या संगणक बनविणाऱ्या कंपनीने ‘कॉम’ वर आपले नाव नोंदविले. त्या पदावरील ती पहिली नोंद होय. आज ‘कॉम’ वर पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत.

ही पदे अमेरिकेत जन्मली असल्यामुळे त्यांतील काही अमेरिकेचीच राहिली. नुसते ‘गव्ह’ म्हणजे अमेरिकेतील सरकार, आणि नुसते ‘एडू’ म्हणजे तेथील मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्था. जुने अपवाद थोडे आहेत, पण नव्याने दुसऱ्या देशांस ते मिळत नाही. भारतीय सरकारी कचेरीच्या पत्त्यात ‘गव्ह’ पुढे ‘इन’ असते आणि भारतीय महाविद्यालयांच्या पत्त्यात बहुधा ‘एसी’ किंवा ‘एडू’ पुढे ‘इन’ असते, ह्याचे कारण हेच. भारतास ‘इन’ हे पद १९८९ मध्ये मिळाले. २००५ पासून त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते.

पुढे १९९८ मध्ये सर्व शेवटच्या पदांची देखरेख करण्यासाठी आयकॅन ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली. तिने २००० साली एरो, बिझ, कूप, इन्फो, म्युझियम, नेम आणि प्रो ही सात नवी पदे निवडली. त्यांतील ‘कूप’ हे पद फलटणच्या मुलांना मुद्दाम सांगावे. ते सहकारी संस्थांसाठी राखून ठेवलेले आहे. ज्या तालुक्यात ऊस घालावयाचा तो सहकारी कारखान्यास, दूध घालावयाचे ते सहकारी संस्थेस आणि कर्ज काढावयाचे ते विकास सोसायटीतून, अशी रीत घरोघर ठाऊक आहे, तेथे साऱ्या जगातील सहकारी संस्थांसाठी एक स्वतंत्र पद आहे ही माहिती कोरडी वाटणार नाही.

राखीव पदे आणि खुली पदे

येथपर्यंतचे विवेचन ऐकून मुलांची अशी समजूत होण्याचा संभव आहे की, ‘कॉम’ म्हणजे नोंदलेला व्यापारी आणि ‘ऑर्ग’ म्हणजे सेवाभावी संस्था. ही समजूत चुकीची आहे, आणि तशीच राहू दिली तर ती अपायकारकही ठरते. ह्या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग तो हाच, म्हणून त्यास अधिक वेळ द्यावा.

काही पदांच्या दारावर राखणदार बसलेला आहे. कोण येतो, तो खरोखर त्या वर्गातील आहे की नाही, हे पाहिल्यावाचून तो आत सोडीत नाही. ‘गव्ह डॉट इन’ वर केंद्र, राज्य वा स्थानिक शासनाच्या कचेऱ्यांवाचून कोणासही नाव मिळत नाही; ती नोंदणी नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर ही सरकारी यंत्रणा करते. ‘कूप’ साठी सहकारी संस्था असल्याची खात्री पटवावी लागते. दुसरी पदे आठवड्याच्या बाजारासारखी खुली आहेत. जागेचे भाडे भरले की ज्याला पाहिजे त्याने पाल ठोकावे. कॉम, नेट, ऑर्ग, इन्फो ही सर्व खुली पदे. ‘ऑर्ग’ वर नाव नोंदविताना संस्थेचे नोंदणीपत्र कोणी मागत नाही, आणि आरंभापासून कधी मागितलेलेही नाही. एवढेच काय, नुसते ‘इन’ हे आपल्या देशाचे पदसुद्धा खुले आहे; ‘को डॉट इन’ आणि ‘ऑर्ग डॉट इन’ हेही खुलेच. ‘इन’ पाहून जो निश्चिंत झाला तो फसण्याच्या वाटेवर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याचा अर्थ खुल्या पदावरील सर्व मंडळी लबाड असतात असा मात्र करू नये. फलटणमध्येच त्याचे उत्तम उदाहरण आहे. बनबिहारी निंबकर ह्यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था ‘नारीफलटण डॉट ऑर्ग’ ह्या पत्त्यावर आहे. करडईवरील संशोधन, जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी, गोड ज्वारी आणि ग्रामीण ऊर्जा ह्या कार्यामुळे ती देशाबाहेरही ज्ञात आहे. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘नारी’ हा शब्द होतो. परंतु नुसता तो शब्द पाहणाऱ्यास स्त्रियांची एखादी संस्था असावी असे वाटले असते. त्यापुढे गावाचे नाव आल्याने घोटाळा टळतो, जसा ‘वाखरी’ पुढे तालुका लिहिल्याने टळतो. ही संस्था खरी आहे, परंतु ते तिच्या पत्त्यातील ‘ऑर्ग’ वरून कळत नाही. ते तिच्या कामावरून कळते. ‘ऑर्ग’ वर दुसरी एखादी खोटी संस्था तितक्याच सहज उभी राहू शकते.

‘ऑर्ग’ पदाचीच एक हकिकत मुलांस सांगण्याजोगी आहे. ह्या पदाची व्यवस्था २००३ पासून पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था पाहते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्या मालक संस्थेने ती इथॉस कॅपिटल ह्या खासगी गुंतवणूक कंपनीस एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीस विकण्याचा बेत जाहीर केला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी त्यास हरकत घेतली. नाव आपले असले तरी ते ज्या पदाखाली नोंदले आहे ते पद परक्याच्या हाती गेले, तर त्याने उद्या भाडे वाढविले किंवा कोणाचे नाव काढून टाकले तर काय करावयाचे, असा त्यांचा प्रश्न होता. अखेरीस ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने ह्या व्यवहारास संमती नाकारली. इंटरनेटवरील नाव विकत मिळत नाही, ते मुदतीच्या भाड्याने मिळते, हे ह्या हकिकतीवरून ध्यानात येते. भाडे भरावयाचे विसरले की तेच नाव दुसरा घेऊ शकतो. एखाद्या संस्थेचा जुना पत्ता उघडावा आणि तेथे भलतेच काही दिसावे, असे पुष्कळदा होते ते ह्यामुळेच.

राखीव पदाचे महत्त्व अलीकडे पैशाच्या व्यवहारातही मान्य झाले आहे. बँकांच्या नावाने खोटे पत्ते काढून लोकांस लुबाडण्याचे प्रकार वाढल्यामुळे रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव पद ठरविले. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकान्वये सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते त्याखाली आणावयाचे होते. ह्या आज्ञेत व्यापारी बँकांबरोबर नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या. नोंदणीचे काम हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञानाच्या एकाच संस्थेकडे सोपविले आहे. म्हणजे दारही एक आणि राखणदारही एकच.

खोटा पत्ता कसा ओळखावा

पालकांच्या मोबाईलवर ‘आपल्या पाल्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खालील पत्त्यावर खाते क्रमांक भरावा’ असा संदेश येतो. घरातील थोरांपैकी अनेकांस इंग्रजी वाचता येत नाही. ते मोबाईल मुलाच्या हाती देतात, किंवा सकाळी शाळेत येऊन गुरुजींना अथवा बाईंना विचारतात. उसाचे बिल किंवा शेतमजुरीचे साठविलेले पैसे ज्या खात्यात आहेत तेच खाते ह्या एका ओळीवर अवलंबून असते. म्हणून ती ओळ वाचण्याची रीत मुलांना पक्की आली पाहिजे.

पत्त्याच्या आरंभी दोन तिरप्या रेघा असतात, त्या सोडून द्याव्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येईल तेथे बोट ठेवावे. त्या रेघेच्या उजवीकडे जे काही लिहिलेले असेल ते संकेतस्थळाच्या आतील पानाचे नाव होय. तेथे मालकाने काहीही लिहावे, ‘गव्ह डॉट इन’ असेसुद्धा. त्यास काडीचे महत्त्व देऊ नये. तिरपी रेघ नसेल तर पत्त्याच्या अखेरीस बोट ठेवावे. मग बोटाच्या डावीकडे एकेक पद वाचीत यावे. शेवटचे पद ‘कॉम’ असेल, तर त्याच्या लगत डावीकडे जे पद आहे तेच मालकाचे नाव. त्याच्याही डावीकडे जे असेल ते मालकाने आपल्या इच्छेने घातलेले. उदाहरणार्थ, ‘सातारा डॉट गव्ह डॉट अमुक डॉट कॉम’. डावीकडून वाचणारास हा पत्ता सरकारी वाटतो, आणि तो तसा वाटावा म्हणूनच रचलेला आहे. उजवीकडून वाचले की कळते की, ‘कॉम’ ह्या खुल्या बाजारात ‘अमुक’ नावाच्या कोणा इसमाचे हे पाल असून त्याने आपल्या पालावर ‘सातारा’ आणि ‘गव्ह’ अशा पाट्या लावल्या आहेत. पाटी लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

टिंब आणि आडवी रेघ ह्यांतील फरकही दाखवावा. ‘गव्ह-इन डॉट कॉम’ ह्यात ‘गव्ह-इन’ हे एकच पद आहे. आडव्या रेघेने पद तुटत नाही, टिंबानेच तुटते. तसेच रोमन लिपीतील काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे शेजारी लिहिली की ‘एम’ चा भास होतो. ‘ओ’ आणि शून्य ह्यांचेही तसेच. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणजे पत्ता खरा, असा एक समज पसरलेला आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, पाठविलेला मजकूर वाटेत कोणी वाचू शकणार नाही. तो ज्याच्या हाती पडणार तो मनुष्य सज्जन आहे की चोर, ह्याविषयी कुलूप काही सांगत नाही. ईमेलच्या पत्त्यात ‘ॲट’ ह्या चिन्हाच्या पुढील भागास हीच रीत लागू पडते.

नवी पदे आणि देवनागरी

२०१२ मध्ये आयकॅनने वर्गवाचक पदांचे दार मोठ्या प्रमाणावर उघडले. एका अर्जास एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर शुल्क असूनही १,९३० अर्ज आले. त्यांतून बाराशेहून अधिक नवी पदे निर्माण झाली : शॉप, ॲप, ऑनलाइन, बँक इत्यादी. काही कंपन्यांनी आपल्या नावाचेच पद मागितले. आपल्याकडील टाटा उद्योगसमूहाने ‘टाटा’ हे पद मागितले तेव्हा असे निघाले की मोरोक्को देशात टाटा नावाचा एक प्रांत आहे, आणि नियमाप्रमाणे त्या देशाच्या सरकारची हरकत नसल्याचे पत्र आवश्यक ठरले. वाखरीचा प्रश्न असा जगाच्या पातळीवर पुन्हा उभा राहिला! ते पद टाटांस मिळाले नाही.

इंग्रजीवाचून इतर लिप्यांतील वर्गवाचक पदांचा मार्गही ह्याच वेळी मोकळा झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ह्या योजनेतील पहिली चार पदे जगाच्या मूळ यादीत गेली ती अरबी, रशियन व चिनी लिप्यांतील होती. देवनागरीत ‘कॉम’ आणि ‘संगठन’ ही वर्गवाचक पदे आहेत. ‘संगठन’ हा शब्द हिंदीस जवळचा. मराठी मनुष्य ‘संघटना’ म्हणेल. लिपी एक असली तरी भाषा निरनिराळ्या आहेत, ह्याकडे पदे निवडणाऱ्यांचे लक्ष नेहमीच असते असे दिसत नाही. त्याहून आपल्या उपयोगाचे पद ‘भारत’ हे होय. ते वर्गवाचक नसून ‘इन’ प्रमाणे देशवाचक आहे आणि २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत उपलब्ध आहे. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी अशा आठ भाषांतील नावे त्यावर नोंदविता येतात. ‘फलटण डॉट भारत’ असे मराठी अक्षरांत लिहिलेले नाव यंत्र आतल्या आत रोमन अक्षरांच्या एका विचित्र मालिकेत बदलून घेते, कारण जुनी यंत्रणा रोमन अक्षरांवाचून काही ओळखीत नाही. ‘भारत’ हे पदही खुलेच आहे, हे सांगण्यास विसरू नये. आपल्या लिपीत लिहिलेले दिसले की मन विश्वास ठेवण्यास उत्सुक होते. आणि ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ ह्या अक्षरांचा घोटाळा बारीक अक्षरांत देवनागरीतही होतोच.

वर्गातील प्रयोग

ह्या पाठासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. जुनी पोस्टकार्डे किंवा जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि आठ-दहा मुले पुरेत. एका मुलास ‘मूळ’ करावे व वर्गाच्या मध्यभागी उभे करावे. त्याच्या चिठ्ठीवर फक्त शेवटची पदे लिहावी : इन, कॉम, ऑर्ग. तीन मुलांस ही तीन पदे करून वर्गाच्या तीन कोपऱ्यांत बसवावे. ‘इन’ च्या हाताखाली ‘गव्ह’ बसवावा. ‘गव्ह’ च्या चिठ्ठीवर ‘सातारा’ हे नाव आणि त्यापुढे एक क्रमांक लिहावा. संगणक एकमेकांस क्रमांकांनीच ओळखतात. नावे माणसांच्या सोयीसाठी आहेत.

आता एका मुलीस ‘सातारा डॉट गव्ह डॉट इन’ चा क्रमांक शोधून आणावयास सांगावे. ती प्रथम ‘मूळ’ कडे जाईल. ‘मूळ’ ला सातारा ठाऊक नाही, तो म्हणेल, “शेवटी ‘इन’ आहे ना? मग त्या कोपऱ्यातील ‘इन’ कडे जा.” ‘इन’ ला सुद्धा सातारा ठाऊक नाही, तो ‘गव्ह’ कडे बोट दाखवील. ‘गव्ह’ आपली चिठ्ठी पाहून क्रमांक सांगेल. प्रत्यक्ष इंटरनेटवर हेच घडते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरे होते. तेथील ‘मूळ’ म्हणजे तेरा नावांनी ओळखली जाणारी सेवायंत्रे असून त्यांच्या प्रती जगात ठिकठिकाणी ठेवलेल्या आहेत.

हे दोन-तीन वेळा करून मुले सरावली की, वर्गातील एखाद्या खोडकर मुलास ‘अमुक’ करावे आणि ‘कॉम’ च्या हाताखाली बसवावे. त्याने आपल्या चिठ्ठीवर ‘गव्ह’, त्याखाली ‘सातारा’, आणि पुढे स्वतःचा क्रमांक लिहावा. कोणीही त्यास अडवू नये. मग त्याच मुलीस ‘सातारा डॉट गव्ह डॉट अमुक डॉट कॉम’ ही चिठ्ठी देऊन धाडावे. ती ‘मूळ’ कडे जाईल, तेथून ‘कॉम’ कडे, तेथून ‘अमुक’ कडे, आणि क्रमांक घेऊन परत येईल. सबंध फेरीत ती ‘इन’ च्या कोपऱ्याकडे एकदाही फिरकलेली नसते. खरा ‘गव्ह’ आपल्या जागी तसाच बसून असतो. त्याच्या नावाने कोणी काही विचारून गेले ह्याचा त्यास पत्ताही नसतो. ही गोष्ट शिक्षकांनी सांगण्यापूर्वी मुलांनाच दिसू द्यावी.

घरी करावयाचा अभ्यास म्हणून मुलांनी आपापल्या घरच्या मोबाईलवर आलेल्या संदेशांतील पाच पत्ते न उघडता वहीत जसेच्या तसे उतरून आणावे, प्रत्येकाच्या शेवटच्या पदाखाली रेघ ओढावी, ते देशवाचक की वर्गवाचक, राखीव की खुले, हे समोर लिहावे, आणि मालकाच्या नावाभोवती वर्तुळ काढावे. ज्या पत्त्यात वर्तुळ कोठे काढावे हे ठरत नाही तो फळ्यावर सर्वांनी मिळून सोडवावा. ‘को डॉट इन’ सारख्या दोन पदांच्या शेवटांत बहुतेक मुले ‘को’ भोवती वर्तुळ काढतात. तेथे मालकाचे नाव आणखी एक पद डावीकडे आहे, हे त्या वेळी सांगितले म्हणजे पुरे.